दोन चाकं, एकच कल

दहावीच्या वर्गाला मी बरीच वर्षं कवितेचं रसग्रहण शिकवलं. आशय, शब्द, रचना हे ओघानं यायचंच, पण एक सांगणं मी कधी सोडलं नाही: ओळ एकटी वाचू नका, शेजारच्या ओळीला लागून वाचा. आज ज्या मजकुराचं रसग्रहण करतो आहे तो कवितेचा नाही. बीडला टायरच्या दुकानात निघालेली व्हील अलाइनमेंटची प्रिंट आहे. एक कागद, चार चाकं, विसेक आकडे, आणि घडीवर उमटलेलं ग्रीसचं बोट. हा कागद मी जितक्या वेळा उघडून वाचला, तितक्या वेळा अलीकडे दुसरं काही वाचलेलं नाही.

कागद आमच्या डिझेलच्या डिझायरचा. आमचं वडवणी १९९९ साली तालुक्याचं गाव झालं, तरी मोठा दवाखाना आणि जिल्ह्याची कचेरी बीडलाच. म्हणजे पस्तीस-चाळीस किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं. आमच्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता तिच्यासोबत वरखाली होतो. उसाच्या दिवसांत तेलगावच्या कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चाललेले असतात. त्यांना वाट देताना आपली डावी चाकं डांबराच्या काठावरून खाली उतरतात आणि धक्का खाऊन वर येतात. असं वर्षानुवर्षं चाललं की गाडीचं पुढचं अंग ढिलं होतंच. आमच्या गाडीचेही पुढचे शॉकअप गेले होते, लोअर आर्मचे बुश फाटले होते, आणि क्लचनंही हात टेकले होते. बाहेरगावच्या एका गॅरेजात सगळं एकदमच करून घेतलं. नवे शॉकअप, नव्या लोअर आर्म, नवे टायरॉड एंड, नवी क्लचप्लेट.

गाडी घेऊन निघालो तर आवाज गेलेला, खड्ड्यात बसणारा दणका गेलेला. आणि गाडी उजवीकडे ओढत होती.

ही उजवी बाजू महत्त्वाची आहे. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधोमध किंचित उंच आणि काठांकडे उतरता असतो. आपण डावीकडून चालतो, तेव्हा निरोगी गाडीसुद्धा स्टेअरिंगवरची पकड जरा सैल केली तर हळूहळू डावीकडे जाते. तो दोष नव्हे, तो उतार आहे. माझी गाडी मात्र उतार सोडून चढाकडे, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे जात होती. पाणी चढाकडे वाहायला लागलं तर कुणीही थांबून बघेल. मी थांबलो नाही. वाटेत एका दुकानात अलाइनमेंट करून घेतली, पडद्यावर सगळे आकडे हिरवे दिसले, पैसे देऊन घरी आलो. गाडी तशीच ओढत राहिली. माझा संशय नव्या मालावर गेला. शॉकअप डुप्लिकेट निघाले असं मी चार लोकांना सांगूनही टाकलं.

अशा वेळी माणूस सुट्या भागाला दोष देतो, कारण तो नवा असतो आणि त्याचं बिल खिशात असतं. वडवणीच्या ज्या मिस्त्रींकडे शेवटी गाडी नेली, त्यांनी चार हजार किलोमीटर झाल्यावरची ती चाकं पाहिली आणि बिलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांच्या त्या दिवसाच्या कामात मला एक शिस्त दिसली. चांगला वाचक अर्थाकडे उडी मारत नाही, आधी अक्षरं नीट लावतो. त्यांनी चारी चाकांची हवा मोजली. मग मला गावाबाहेर एक फेरी मारून यायला सांगितलं, आणि आल्या आल्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी हात धरला. एका बाजूचा ब्रेक चिकटून राहत असेल तर ते चाक जास्त तापतं. दोन्ही सारखीच कोमट होती. मग पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी बसवले आणि परत फेरी. ओढ टायरमध्ये असती तर टायरसोबत डावीकडे गेली असती. ती उजवीकडेच राहिली. तीन शक्यता खोडल्या, खर्च काही नाही.

मग त्यांनी टायरवर तळहात फिरवला, बाहेरून आत आणि आतून बाहेर. या स्पर्शाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण निदानातला हा सर्वांत जुना भाग आहे आणि मला तो सर्वांत सुंदर वाटतो. पुढची दोन चाकं वरून पाहिली तर एकमेकांना समांतर हवीत. त्यांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असली की त्याला टो चुकला म्हणतात. टो चुकला की चाक पुढेही जातं आणि आडवंही घासतं. हिशेब करून बघावा: आमच्या गाडीचं चाक टायरसकट साधारण ६२ सेंटिमीटर व्यासाचं, त्यावर ३ मिलिमीटरचा टो चुकला, तर दोन चाकं मिळून एका किलोमीटरमागे जवळपास पाच मीटर आडवी घासली जातात. वडवणीहून बीडला पोचेपर्यंत पावणेदोनशे मीटर. या घासण्यानं टायरच्या नक्षीच्या कडांना करवतीसारखी धार येते. एका दिशेनं हात मऊ सरकतो, उलट फिरवला की अडतो. चाकं आत वळलेली असतील तर धार आतल्या बाजूला तोंड करून असते, म्हणून आतून बाहेर येणारा हात अडतो.

मिस्त्रींचा हात कुठंच अडला नाही. टायर झिजला होता, पण गुळगुळीत झिजला होता, एका काठाकडे उतरत गेलेला. म्हणजे टोचा दोष नाही. चाक वरून आत किंवा बाहेर कललं असावं, ज्याला कॅंबर म्हणतात. आणि इथं त्यांनी अशी गोष्ट दाखवली जी महिनाभर माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसली नव्हती. डावीकडे चाललेला टायर आतल्या काठानं झिजला होता, उजवीकडचा बाहेरच्या काठानं. मी दोन वेगळे दोष पाहत होतो. "सर, आत-बाहेर म्हनू नका. डावं-उजवं म्हना." म्हणून पाहिलं, आणि चित्र पालटलं. डाव्या टायरचा आतला काठ म्हणजे त्याचा उजवा काठ. उजव्या टायरचा बाहेरचा काठ म्हणजेही उजवाच. दोन्ही चाकं डोकं उजवीकडे टाकून उभी होती. वारा एका अंगानं लागल्यावर ज्वारीची धाटं एकाच दिशेला कलतात, तशी. आणि कललेलं चाक कललेल्या बाजूलाच वळतं, हे लहानपणी काठीनं टायर पळवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ओढ का होती ते कळलं. कल कुठून आला, ते बाकी होतं.

गवंड्याची पाण्याची नळी आणून त्यांनी चारी चाकांखालची जमीन एका पातळीत आहे का ते पाहिलं, एका चाकाखाली पत्र्याचे दोन तुकडे सारले. मग ओळंबा सोडला. रिमच्या वरच्या कडेपासून दोरीपर्यंत आणि खालच्या कडेपासून दोरीपर्यंत पट्टी. चौदा इंची रिमवर एक अंशाचा कल म्हणजे सहा मिलिमीटरच्या किंचित वर. डावीकडे फरक साडेतीन मिलिमीटर निघाला, उजवीकडे सव्वा ते दीड, उलट बाजूला. एवढं करून त्यांनी दोरी गुंडाळली आणि मला बीडला पाठवलं. "किंगपिनची ओळ मागून घ्या. आन् टोला हात लावू देऊ नका, निस्तं मोजून आना."

टोला हात लावू देऊ नका, यात या कामाची सगळी नीती आहे. अशा गाड्यांच्या पुढच्या अंगात कारखान्यानं सहज फिरवता येईल असं एकच माप ठेवलेलं असतं, ते म्हणजे टो. म्हणून दुकानात जे काही चुकलेलं असो, शेवटी फिरवला जातो टायरॉडच. स्टेअरिंग सरळ दिसू लागतं, आकडा हिरवा होतो, आणि मूळ दोष त्याच्या आड जाऊन बसतो. माझ्या गाडीचं पहिल्या दुकानात हेच झालं होतं.

आता कागद. कोनाची मापं अंशात आणि कलांत छापलेली आहेत, एका अंशाच्या साठ कला, पंचांगात ग्रहांच्या जागा देतात तशाच.

पहिली ओळ कॅंबरची. डावं चाक उणे ३३ कला, उजवं अधिक १३ कला. उणे म्हणजे वरून आत कललेलं, अधिक म्हणजे बाहेर. दोन्ही आकडे हिरव्या रंगात, कारण यंत्र प्रत्येक आकडा त्याच्या स्वतःच्या मर्यादेशी ताडून बघतं आणि दोन्ही आपापल्या मर्यादेत आहेत. पण ते शेजारी ठेवा. दोघांत ४६ कलांचा फरक आहे, आणि दोन बाजूंत अर्ध्या अंशाच्या म्हणजे ३० कलांच्या वर फरक गेला की गाडी ओढू लागते. हिरव्या शाईत छापलेला दोष! ओळ एकटी वाचू नका, हे मी मुलांना सांगत होतो आणि स्वतःच्या गाडीच्या बाबतीत पडद्यावरच्या रंगावर भागवलं होतं. ओळंब्याची मापं काढून पाहिली तर तीही याच आकड्यांना येऊन मिळतात. साडेतीन मिलिमीटर म्हणजे ३३-३४ कला. वडवणीतली दोरी आणि बीडचं यंत्र यांच्यात मतभेद नव्हता.

दुसरी ओळ कॅस्टरची. चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा बाजूनं पाहिल्यावर मागे किती रेललेली आहे, ते हे माप. डावीकडे ३ अंश १० कला, उजवीकडे ३ अंश १५. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते, म्हणजे हा पाच कलांचा फरक ओढलाच असता तर डावीकडे. हा साक्षीदार आरोपाच्या उलट बोलतो आणि दोषातून सुटतो. टो शून्याला लागून, मागची चाकं सरळ. या ओळींवर थांबण्यासारखं काही नाही.

कागदाचा प्राण शेवटच्या दोन ओळींत आहे, आणि मागितल्याशिवाय या ओळी बहुतेक ठिकाणी कुणी छापूनही देत नाही, कारण त्यासाठी चाकं फिरत्या तबकड्यांवर ठेवून स्टेअरिंग दोन्हीकडे वळवून मोजावं लागतं. त्यात दहा मिनिटं जातात. या दोहोंतली पहिली ओळ किंगपिनच्या झुकावाची. जुन्या ट्रकांना खरोखरची किंगपिन असते, चाक वळवणारी जाड लोखंडी खुंटी. आपल्या छोट्या गाड्यांत ती खुंटी नाही. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्यानं स्प्रिंग आणि शॉकअपचा एकच उभा खांब करून चाक त्यालाच जोडलं. १९५० साली इंग्लंडच्या फोर्डनं कॉन्सल आणि झेफर या गाड्यांत ही मांडणी आणली, आणि आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८००च्या पुढच्या चाकांनाही तीच होती. यात खुंटीची जागा एका न दिसणाऱ्या रेषेनं घेतली आहे. खांबाच्या माथ्यावरच्या बेअरिंगपासून लोअर आर्मच्या टोकाच्या बॉल जॉइंटपर्यंत जाणारी रेषा. समोरून पाहिलं तर ती वरून आत झुकलेली असते. आमच्या कागदावर तिचा झुकाव डावीकडे १३ अंश ३ कला, उजवीकडे १२ अंश १७. फरक किती? ४६ कला. कॅंबरमध्ये होता तेवढाच, नेमका तेवढाच.

त्याखालची ओळ या दोघांची बेरीज. झुकाव आणि कॅंबर मिळून होणारा कोन. १३ अंश ३ मधून ३३ कला वजा करा, १२ अंश ३० येतात. १२ अंश १७ मध्ये १३ मिळवा, पुन्हा १२ अंश ३०. वरच्या ओळींत दोन्ही बाजू एकमेकींशी भांडत होत्या आणि इथं येऊन त्या एका यमकावर मिटल्या.

हे यमक इतकं बोलकं का? कारण हा कोन शॉकअप, चाक ज्यावर बसतं ते नकल आणि त्यांना जोडणारे दोन बोल्ट यांनी मिळून ठरतो. शॉकअपचा दांडा वाकडा निघाला असता, नकल पिचकलं असतं, किंवा नवा शॉकअप बसवताना त्या दोन बोल्टांच्या भोकातली मोकळीक एका बाजूला आत आणि दुसरीला बाहेर राहिली असती, तर हा कोन दोन बाजूंना वेगळा आला असता. तो सारखा आहे. म्हणजे ज्या शॉकअपला मी चारचौघांत डुप्लिकेट ठरवलं, ते निर्दोष होते. खांब जसाच्या तसा, फक्त अख्खा तिरपा झालेला. दोन्ही खांब एकाच दिशेला, एकाच मापानं. दोन्ही कॅंबरची सरासरी उणे १० कला येते, डावं तिथून २३ कला खाली, उजवं २३ वर. माथे गाडीच्या अंगाला घट्ट बसलेले असताना दोन्ही खांबांचे पाय एकदम डावीकडे कसे सरकतील? दोन्ही लोअर आर्म ज्या चौकटीवर बसतात ती चौकटच सरकली तर. खांबाची लांबी साठेक सेंटिमीटर धरली तर २३ कला म्हणजे ४ मिलिमीटर.

मी हे सगळं घरी बसून वहीत मांडलं. मिस्त्रींनी कागद हातात घेतला, दोन बोटं शेवटच्या ओळीवर ठेवली आणि म्हणाले, "शॉकअपचा काय दोष न्हाई सर. खालची सबफ्रेम डाव्या अंगाला सरकलीय. क्लचला उतरवली आसंल."

क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स काढायला ती चौकट खाली घ्यावी लागते. परत लावताना बोल्टांच्या भोकांत जी थोडी मोकळीक असते, तिच्यात ती जिथं बसेल तिथं आवळली गेली. एकाही नव्या भागात खोट नव्हती. जिला कुणी बदललं नव्हतं आणि जिच्याकडे म्हणूनच कुणी पाहिलं नव्हतं, त्या जुन्या चौकटीत सगळं होतं.

गाडी घोड्यांवर चढवून ते खाली गेले आणि मलाही बोलावलं. टॉर्चच्या उजेडात जे दिसलं ते मी विसरणार नाही. चौकटीच्या बोल्टाच्या वॉशरखाली इतकी वर्षं जो गोल झाकलेला होता, त्याच्याभोवती चिखल-तेलाचा काळा थर होता. आता वॉशर त्या गोलावर नीट बसला नव्हता. त्याच्या डाव्या कडेनं स्वच्छ लोखंडाची एक चंद्रकोर उघडी पडली होती. पुढच्या बोल्टालाही तशीच, पलीकडच्यालाही तशीच, सगळ्या डावीकडे. मिस्त्रींनी कोरीच्या पोटात पट्टी लावली. चार मिलिमीटरला केसभर कमी. कागदावर कोनांत लिहिलेलं वाक्य लोखंडावर मिलिमीटरांत लिहिलेलं सापडलं.

दुरुस्तीचं वर्णन थोडक्यात करतो. चौकटीखाली फळी देऊन जॅक लावला, बोल्ट काढले नाहीत, फक्त सैल केले, आणि पहारीच्या टोकानं चौकट इतकीच रेटली की चारी चंद्रकोरी वॉशरखाली मावळल्या. मग आवळणी. खाली होतेच म्हणून त्यांनी लोअर आर्मच्या बुशचे बोल्टही सैल केले, आणि यावर मात्र मला थांबायचं आहे, कारण ही चूक फार गाड्यांत होते. बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्यांमधलं रबर. बोल्ट आतली नळी जखडतो, आर्म वरखाली होताना रबर पीळ खातं आणि सुटतं. गाडी वर उचललेली, चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबराला तीच आपली विश्रांतीची जागा वाटते. गाडी जमिनीवर उतरली की ते कायमचं पिळलेलं राहतं, उभ्या गाडीतसुद्धा. नवा बुश त्यानं लवकर फाटतो आणि लोक पुन्हा मालाला नावं ठेवतात. मिस्त्रींनी चाकांखाली लाकडी ठोकळे दिले, गाडीचा भार चाकांवर आणला, गाडी दोन-तीनदा दाबून सोडली आणि मगच बुश आवळले. टो सर्वांत शेवटी. वरचं काहीही हललं की टो हलतो, म्हणून तो आधी करण्यात अर्थ नसतो.

दुसरी प्रिंट पहिलीच्या मागे टाचून ठेवली आहे. कॅंबर डावं उणे १२ कला, उजवं उणे ८. किंगपिनचा झुकाव १२ अंश ४२ आणि १२ अंश ३८. बेरजेचा कोन दोन्हीकडे १२ अंश ३०, पहिल्या कागदावर होता तोच. तो आकडा दोन्ही कागदांवर एकसारखा पाहिला की मला मिस्त्रींची ती दोन बोटं आठवतात. रंगानं वाचणाऱ्याला दोन्ही कागद हिरवेच दिसतील.

गाडीखालचं काही बदललंत तर दुकानदाराकडून प्रिंट मागून घ्या, किंगपिनच्या ओळीसकट, आणि टो फिरवण्याआधीची. दहा मिनिटं जास्त लागतील, लागू द्या.

परवा घाटसावळीच्या पुढे मोकळा सरळ रस्ता होता, मागंपुढं कुणी नव्हतं. स्टेअरिंगवरची पकड सैल केली. गाडी थोडा वेळ सरळ गेली आणि मग हळूच डावीकडे, उताराच्या बाजूला निघाली.